घंटेपलीकडचं गाव

"हसा! अरे, हसत हसत धावा! तुम्हाला गाव मिळतंय, गाव! दाताच्या डॉक्टरकडे निघाल्यासारखी तोंडं काय करताय?"

कौन्सिलर नार्सिंग भोंग्यातून ओरडत होते आणि चर्चपुढच्या मैदानात, भर उन्हात, पोरांची फौज पुन्हा एकदा मागे फिरत होती. फिएस्ताच्या, म्हणजे गावजत्रेच्या संध्याकाळी बांतिगान गावाच्या स्थापनेचा प्रसंग करून दाखवायचा होता. स्पॅनिश पाद्री होडीतून उतरतो, घंटा वाजवतो आणि रानावनातून लोक आनंदाने धावत येऊन त्याच्याभोवती गाव वसवतात, असा तो प्रसंग. पाद्री झाला होता रोदेल. तो लूमेनचा मावसभाऊ. इलोइलो शहरातून सुटीला आला होता, उंच होता आणि त्याच्याकडे काळे बूट होते, एवढ्या भांडवलावर त्याला कापसाची दाढी मिळाली. बाकी सगळी पोरं रानातले लोक. लूमेन त्यांतच होती. तिच्या शेजारी तिच्या वर्गातला तिबॉय, कमरेला केळीची पानं गुंडाळून.

"मला एक कळत नाही," तिबॉय कुजबुजला, "घंटा वाजली म्हणून मी शाळेतसुद्धा धावत जात नाही. हे लोक कशाला धावले?"

"जेवणाची घंटा वाटली असेल," लूमेन म्हणाली.

"मग बरोबर आहे."

"तिबॉय! घंटेबाहेरच्या! बडबड बंद कर आणि धाव."

बांतिगानमध्ये द्वाड पोराला 'घंटेबाहेरचा' म्हणतात आणि शहाण्यासुरत्या माणसाला 'घंटेखालचा'. का, ते कुणी विचारत नाही. आंब्याला आंबा का म्हणतात, हे तरी कोण विचारतं?

तिबॉय धावला. तोही असा जीव तोडून, की पानं सावरता सावरता थेट दगडांच्या ढिगात जाऊन आदळला. मैदानाच्या मधोमध स्थापनेचं स्मारक उभं राहत होतं आणि त्याच्या चौथऱ्यात भर घालायला ट्रकने पांढरे दगड आणून टाकले होते.

"मेलो," तिबॉय म्हणाला. आणि मग, "ए, इकडे या. इथं खेकडा आहे."

"पडल्यावरसुद्धा तुला खायचंच सुचतं!"

"खायचा नाही गं. दगडाचा."

तो एका मोठ्या वाडग्याचा अर्धा तुकडा होता. आतून गुळगुळीत, बाहेरच्या काठाला एकामागे एक कोरलेले इवलेसे खेकडे, सगळ्यांच्या नांग्या वर. जिथे दगड तुटला होता तिथला शेवटचा खेकडा अर्धाच उरला होता. रोदेलने दाढी कपाळावर सरकवली आणि दगडावरून बोट फिरवलं.

"हा प्रवाळाचा दगड आहे. समुद्रातून काढून कापलेला. आमची सहल एका जुन्या चर्चला गेली होती, तिथं असाच होता. ही बाप्तिस्म्याची कुंडी असणार."

"आपलं चर्च तर विटांचं आहे," लूमेन म्हणाली. "आणि आपली कुंडी आत जागेवर आहे. मग ही कुठली?"

"डुकरांची डोण आहे ती," मागून कौन्सिलर आले. "खाडीपलीकडच्या तिवरांत असले दगड ढिगाने पडलेत. फुकटची भर. तिथवर ट्रक न्यायला तिवरं तोडून रस्ता काढला मी, माझ्या पदरच्या पैशाने. त्याचं कुणाला कौतुक नाही."

"डुकरांच्या डोणीवर नक्षी कोण काढतं?" तिबॉयने विचारलं.

"हौशी माणूस! चल, उठ. आणि लूमेन, तुझ्या तातायला सांग, या वर्षी बालिकीद नाही. गव्हर्नरसाहेब येणार, टीव्हीवाले येणार. मिरवणूक सरळ जायची आणि सरळ यायची. उलटं चालण्याचा खुळेपणा आपण टीव्हीवर दाखवायचा का?"

लूमेन धावायच्या रांगेत परत गेलीच नाही.

बालिकीद म्हणजे मागे वळून बघणं. बांतिगानची सांता मोनिका दर फिएस्ताला पालखीतून गावभर फिरते. टेकडीच्या सोंडेबाहेर, मासळी उतरवतात त्या धक्क्याजवळ, बदामाच्या झाडाखालच्या वळणावर ती आली की बँड थांबतो, भोई थांबतात. ते पालखी उलटी फिरवतात, मूर्तीचं तोंड खाडीकडे करतात, आणि तिथून पार टेकडीच्या सोंडेपर्यंत स्वतः उलटी पावलं टाकत जातात, म्हणजे तिला शेवटपर्यंत तिकडे बघता यावं. कुणी बोलत नाही. तान्ही पोरंसुद्धा गप्प होतात. भोयांना मागचं दिसत नाही, म्हणून प्रत्येकामागे त्याच्या घरचं एक पोर पाठीला हात लावून चालतं. 'इथं खड्डा, इथं पायरी' असं पाठीवरच्या बोटांनी सांगतं. त्या पोराला म्हणतात भोयाचा डोळा. बारा वर्षं पुरी झाल्याशिवाय डोळा होता येत नाही. लूमेनला फेब्रुवारीत बारा पुरी झाली होती.

संध्याकाळी तिने निरोप सांगितला, तेव्हा तिचे वडील, ताताय, जाळं विणत बसले होते. मुख्य भोई तेच.

"वरून आलंय ना, मग झालं," ते म्हणाले. "आपण काय करणार, इंदाय?" लेकीला ते लाडाने इंदाय म्हणत.

"पण आपण उलटं चालतो तरी का?"

"माझा बाप चालायचा."

"आणि लोलो का चालायचे?"

तातायचा हात थांबला. "विचारलं नाही गं कधी. वाटायचं, विचारू कधीतरी."

लोलो, म्हणजे आजोबा, नाताळात वारले होते. आता विचारायला गावात कुणी उरलं नव्हतं, आणि ते दोघांनाही एकदमच कळलं. ताताय पुन्हा जाळ्याकडे वळले. घरात तिसरं माणूस नव्हतं. लूमेनची आई, नानाय, मागच्या वर्षापासून कुवेतला कुणाच्या तरी घरी काम करत होती. ज्या दिवशी ती निघाली, त्या दिवशी बोटीच्या फळीवर ती चक्क उलटी चालत चढली होती. लोकांना धक्के देत, कोंबड्यांच्या टोपलीला अडखळत. लोक हसले होते. लूमेनला इतकी लाज वाटली, की ती दुसऱ्याच बोटीकडे बघत राहिली होती.

सकाळी तिने तिबॉयला केळीच्या पानातला चिकट भात, सुमान, खाताना गाठलं.

"बालिकीदला सांता मोनिका कुठं बघते?"

"खाडीपलीकडं. तिवरांकडं."

"आणि कुंडीचा दगड कुठून आला?"

तिबॉयचं तोंड हलायचं थांबलं. असं फार क्वचित होतं.

थोड्याच वेळात रोदेलसकट तिघं मैदानावर होती. लूमेनचं म्हणणं, आधी तो अर्धा दगड उचलून घरी ठेवू. तिघांनी जोर लावला. दगड वीतभर सरकला आणि रोदेलच्या बुटावर बसला.

"राहू दे," पाय चोळत रोदेल म्हणाला. "दगड आहे तो, पळून जाणार आहे का? आधी जागा बघू. दुपारच्या घंटेपर्यंत परत येऊ आणि मग तातायला घेऊन उचलू."

हे बोलणं शहाणपणाचं वाटलं. पुढे तिघांनाही कितीदा तरी वाटलं, की त्या दिवशी थोडा आणखी जोर लावायला हवा होता.

लूमेनने तातायची, तोल धरायला बाजूला बांबूची उलांडी बांधलेली होडी काढली. समुद्र ओसरलेला होता आणि खाडीचं पाणी संथ होतं. टेकडीची सोंड ओलांडली की गाव दिसेनासं होतं आणि समोर तिवरं लागतात. त्यांच्यात आता नवा, नागवा रस्ता पडला होता. कापलेल्या खोडांवर चीक अजून ओला होता.

"होडी मी बांधतो," रोदेल म्हणाला. "आम्हाला स्काउटमध्ये गाठी शिकवल्यात."

तिबॉय चिखलात उतरता उतरता पुटपुटला, "वाट द्या बाबांनो, आम्ही फक्त जातोय." तिवरांत न दिसणारे कुणीकुणी राहतात. त्यांना सांगितल्याशिवाय पाऊल टाकू नये, हे बांतिगानच्या पोरांना दुधाबरोबर मिळतं. रोदेल हसला. पण मग त्यानेही म्हटलं, हळूच.

पलीकडे ट्रक उभा होता. दोन मजूर पहारीने काहीतरी फोडत होते. पोरं मुळांच्या जाळीमागे दबून राहिली. डास चावत होते आणि मारता येत नव्हते. शेवटी ट्रक भरला, मजूर वर चढले आणि ट्रक धुरळा उडवत गेला. तेव्हा तिघं पुढे झाली.

भिंत होती. कमरेएवढी उरलेली, पांढरी, मुळांनी कवळून धरलेली. पुढे तीन पायऱ्या. पायऱ्यांपुढे दाराची चौकट असावी, ती आजच फुटली होती. कडा नव्या खडूसारख्या पांढऱ्याशुभ्र होत्या.

"चर्च," लूमेन म्हणाली. "आपल्या चर्चच्या आधीचं."

"म्हणजे गाव आधी इथं होतं?" तिबॉय मागच्या मागे एका खुंटावर बसला. उठला तेव्हा त्याची चड्डी काळीकुट्ट झाली होती. "हे काय लागलं?"

चिखलातून तसे खुंट ओळीने वर आले होते, चार-चारच्या चौकोनांत. घरांचे खांब. लूमेनने एकाला हात लावला. बोटं काळी झाली. कोळसा होता. दुसरा खांबही तसाच, त्याच्यापुढचाही. जिथवर नजर पोचत होती तिथवर जळलेल्या खांबांच्या रांगा होत्या.

"समुद्री चाचे," रोदेल म्हणाला. "त्या काळी चाचे येऊन गावं जाळायचे. पुस्तकात आहे."

लूमेन चर्चच्या भिंतीकडे गेली. खालपासून वरपर्यंत तिने ती न्याहाळली, कोपऱ्यांत बोट घातलं. बोट पांढरं निघालं.

"चाचे आले असते तर त्यांनी आधी काय लुटलं असतं? चर्चच ना? चांदी तिथं, घंटा तिथं. हिला तर काजळीसुद्धा नाही लागलेली. घरं सगळी जळली आणि चर्चला झळ नाही. हे कसं?"

"मग कुणी जाळलं?" तिबॉयने विचारलं.

तिघं चिखल चाचपत शोधू लागली, आणि भिंतीच्या आतल्या बाजूला रोदेलच्या हाताला गुळगुळीत काठ लागला. कुंडीचा दुसरा अर्धा भाग. हा जरा लहान होता. तुटलेल्या कडेवर अर्धा खेकडा होता, एकच नांगी वर केलेला.

तो काढण्यात किती वेळ गेला, कुणाला कळलं नाही. बाराची घंटा झाली की निघायचं होतं, आणि घंटा काही होत नव्हती. लूमेनने मान वर केली तेव्हा पाणी तिच्या गुडघ्याला लागलं होतं. भरती सुरू होऊन बराच वेळ झाला होता. आणि जिथे होडी बांधली होती तिथे होडी नव्हती.

"स्काउट," तिबॉय म्हणाला, "तुमच्यात सुटणाऱ्या गाठी शिकवतात का?"

रोदेलचा चेहरा इतका उतरला, की पुढची थट्टा तिबॉयने गिळून टाकली.

होडी दूर, खाडीच्या मध्यावर वाहत चालली होती. लूमेनने फ्रॉक खोचला आणि पाण्यात उडी घेतली. ओढ होती. हात भरून आले, नाकातोंडात पाणी गेलं, दोनदा तिला वाटलं की होडी जाऊ द्यावी. मग उलांडीचा बांबू हातात आला. ती परत येईपर्यंत दोघं चर्चच्या भिंतीवर चढून बसले होते, दगड मधे धरून, आणि पाणी त्यांच्या पोटऱ्यांना लागत होतं.

"मला वाटलं, तू आम्हाला सोडून जेवायला गेलीस," तिबॉय म्हणाला. त्याचे दात वाजत होते.

होडी टेकडीच्या सोंडेला वळसा घालून बाहेर आली, आणि त्या क्षणी घंटा ऐकू आली. तीन टोले. लख्ख, अगदी कानाशी.

"तीन?" रोदेल दचकला. "मग बाराची कुठं गेली?"

लूमेनने वल्हं थांबवलं. मग तिने होडी मागे घेतली, सोंडेच्या पलीकडे. तिसऱ्या टोल्याची घुमघुम तिथे एकदम तुटली. पुढे आणली, पुन्हा ऐकू आली.

"टेकडी आड येते," ती सावकाश म्हणाली. "तिकडं घंटा पोचतच नाही. तिकडची माणसं..."

"घंटेबाहेरची," तिबॉय म्हणाला. हसत नव्हता.

"आम्हाला बाईंनी सांगितलं होतं," रोदेल म्हणाला. "स्पॅनिश लोकांना सगळी माणसं घंटेच्या टप्प्यात हवी असायची. म्हणजे मोजायला सोपी, कामाला बोलवायला सोपी. मी परीक्षेत लिहिलंसुद्धा होतं. पण जी येत नसत त्यांचं काय करायचे, ते मी नाही विचारलं."

उत्तर आता होडीत बसलं होतं, तिबॉयच्या काळ्या चड्डीवर. नवं गाव टेकडीच्या अलीकडे मांडलं, घंटा तिकडे नेली, आणि कुणाला परत जाता येऊ नये म्हणून मागची घरं पेटवून दिली. हसत हसत कुणी धावलं नव्हतं.

मैदानावर पोचली तेव्हा चौथरा भरला होता. वरून काँक्रीट ओतून, थापी मारून सपाट केला होता. दगडांचा ढीग जागेवर नव्हता.

"इथं एक तुकडा होता," लूमेन गवंड्याला म्हणाली. "खेकड्यांचा."

"सगळं आत गेलं, पोरी. बाराच्या घंटेला जेवलो आणि लगेच ओतायला घेतलं."

लूमेन ओल्या सिमेंटकडे बघत उभी राहिली. तिला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही. बाराची घंटा या तिघांनाही ऐकू आली असती तर तो दगड वाचला असता.

कौन्सिलर नार्सिंगनी सगळं ऐकून घेतलं, निदान तसं दाखवलं. होडीतून आणलेला तुकडा त्यांनी बुटाच्या टोकाने उलटवला.

"आणि दुसरा अर्धा?"

"तुमच्या चौथऱ्यात," तिबॉय म्हणाला.

"वा! म्हणजे मी आता स्मारक फोडू? गव्हर्नरसाहेब आठवड्याने येतायत. गोष्टी रचायच्या तर प्रसंगात रचा. घरं जाळली म्हणे. असलं अभद्र फिएस्ताला बोलू नये." मग जरा नरम येऊन ते म्हणाले, "हे बघा, गाव जन्मलं ते हसत जन्मलं, असं सांगितलेलं लोकांना बरं वाटतं. त्यात कुणाचं काय जातं?"

चौथरा भरला तरी तो आठवडाभर ट्रक मैदानाच्या भरावासाठी रोज खेपा करत राहिला.

तातायने तुकडा हातात घेऊन पुष्कळ वेळ पाहिला. पण कौन्सिलरच्या शब्दाबाहेर जायला ते तयार झाले नाहीत. "सोळा भोई आहेत. मी एकटा थांबलो तर पालखी कोसळेल," ते म्हणाले, आणि ते खरंच होतं. पालखी एका माणसाने वळत नाही.

"पण भोई थांबतात कशाने?" लूमेनने त्या रात्री अंथरुणावरून विचारलं.

"ताशाने. ताशा चालला की पाय चालतात, ताशा थांबला की थांबतात. डोक्याला विचारावं लागत नाही."

बँडमध्ये ताशा कोण वाजवायचं? तिबॉय.

"मला बँडमधून काढतील," तिबॉय दुसऱ्या दिवशी म्हणाला.

"हो."

"पोशाख नवा शिवलाय. सोनेरी बटणं आहेत."

"माहीत आहे."

त्याने कैरीला खारवलेल्या कोळंबीची चटणी लावली. "त्या दिवशी ओहोटी कधी आहे?"

लूमेन कोळ्याची पोर. तिने हे आधीच बघून ठेवलं होतं. आठवड्याने ओहोटी बरोबर मिरवणुकीच्या वेळी येत होती.

फिएस्ताची दुपार. सांता मोनिका फुलांत बुडाली होती. आईच ती, मुलासाठी रडून रडून संत झालेली. तिच्या गालावर काचेचा एक थेंब आहे. पालखीच्या पुढे गव्हर्नरसाहेब, त्यांच्यावर छत्री धरलेले कौन्सिलर नार्सिंग आणि टीव्हीवाले. मागे बँड. लूमेन तातायच्या मागे चालत होती. डोळे नकोत असं सांगितलं होतं, तरी सोळा भोयांमागे सोळा पोरं आलीच होती. सवयच ती.

बदामाचं झाड आलं. कौन्सिलरनी हातानेच 'चला, चला' केलं. बँड जोरात वाजत राहिला.

आणि ताशा थांबला.

आधी एका भोयाचा पाय अडखळला, मग सगळ्यांचे. बिगुल, सनई, एकेक करून सगळी वाद्यं गप्प झाली. तिबॉय काठ्या काखेत धरून, मान खाली घालून उभा होता. बँडमास्तरांनी त्याचा कान धरायला हात उचलला आणि तो तसाच राहिला. ताताय क्षणभर पुढे बघत राहिले, कौन्सिलरच्या पाठीकडे. मग कुणीही काही न सांगता सोळा खांदे हलले आणि पालखी वळली.

गव्हर्नर, छत्री आणि कौन्सिलर नार्सिंग मात्र पुढे चालतच होते. बरंच अंतर गेल्यावर त्यांना कळलं, की मागे कुणी नाही.

लूमेनने तातायच्या पाठीवर हात ठेवला. पण पाऊल कुणीच टाकलं नाही. सगळं गाव खाडीकडे बघत होतं. इतकी वर्षं सांता मोनिका बघायची तिकडे नुसती हिरवी तिवरं असायची. आज ट्रकसाठी कापलेल्या रस्त्यातून पलीकडचं दिसत होतं. पाणी ओसरलं होतं. पांढऱ्या भिंतीचा तुकडा, पायऱ्या, आणि चिखलात काळ्या खुंटांच्या रांगा. घरांच्या रांगा.

"ते काय आहे?" कुणीतरी विचारलं.

"आपलं गाव," लूमेन म्हणाली. तिचा आवाज तिलाच मोठा वाटला. "ते जाळून आपल्याला इकडं आणलं. जाताना माणसं उलटी चालत गेली. दिसेनासं होईपर्यंत."

एक म्हातारी गुडघ्यांवर बसली. मग दुसरी. रोदेल गर्दीतून पुढे आला. हातात कुंडीचा तुकडा होता. त्याने तो गावच्या चर्चचे पाद्री, पाद्रे एलिसेओ, यांच्या पायाशी ठेवला आणि उरलेला अर्धा कुठे आहे तेही सांगितलं. कौन्सिलर नार्सिंग धापा टाकत परत आले. त्यांनी खाडीकडे पाहिलं. भिंतीतल्या नव्या फुटक्या कडा इथूनही ओळखू येत होत्या. त्यांनी छत्री मिटली.

"मला कुठं माहीत होतं," ते म्हणाले. "मला तर गावाचं स्मारकच बांधायचं होतं."

टेकडीच्या सोंडेपर्यंत सगळे उलटे चालले, या वेळी नुसते भोई नाहीत, गव्हर्नरसाहेबसुद्धा. तातायच्या पाठीवर लूमेनची बोटं सांगत होती, इथं खड्डा, इथं पायरी.

संध्याकाळी प्रसंग झाला. पोरं हसली नाहीत आणि कौन्सिलरनी भोंगा उचलला नाही. प्रसंगानंतर पाद्रे एलिसेओंनी तिघांना व्यासपीठावर बोलावलं. "दरवर्षी आम्ही तिचं तोंड तिकडं वळवत होतो," ते म्हणाले, "पण ती काय बघते ते बघायची बुद्धी या तीन पोरांना झाली." टाळ्या पडल्या. गव्हर्नरसाहेबांनी जाहीर केलं, की तिवरांतला उरलेला एकही दगड हलणार नाही. बँडमास्तरांनी तिबॉयचा कान धरलाच, पण हलका, आणि पोशाख काढून घेतला नाही. रोदेलला पाद्रेंनी जवळ घेतलं. स्मारक फोडावं का, यावर मोठ्यांची चर्चा झाली. गवंडी म्हणाला, फोडलं तर आतलाही दगड फुटेल. म्हणून ते तसंच राहिलं. गावाच्या स्थापनेचा दगड स्थापनेच्या स्मारकाखाली गाडलेला आहे, आणि बांतिगानची पोरं तिथे खेळताना अजूनही चौथऱ्यावर पाय ठेवत नाहीत.

सगळे शाबासकी देत होते. लूमेन प्रत्येकाला हो हो म्हणत होती आणि तिच्या डोळ्यांपुढून चौकटीच्या नव्या फुटक्या कडा हलत नव्हत्या.

घरी आल्यावर तातायने कुवेतला फोन लावून दिला. नानायला टीव्हीवरचं आधीच कुणीतरी कळवलं होतं. ती हसत होती, रडत होती, जेवलीस का विचारत होती.

"नानाय," लूमेन मधेच म्हणाली, "तू बोटीवर चढताना उलटी का चाललीस?"

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

"मागं डोळा नव्हता गं कुणी," आई म्हणाली. "म्हणून तर त्या कोंबड्यांवर पडले."

"पण का?"

"तू दिसत होतीस ना."

लूमेनने फोन घट्ट धरला. "मी तेव्हा दुसरीकडं बघत होते, नानाय."

"माहीत आहे मला," आई म्हणाली. "मी बघतच होते की."